रोहित पक्षी पाहायला जाताना आधी भरतीची वेळ पाहा

ठाणे खाडीत रोहित (फ्लेमिंगो) पाहायचे तर घड्याळापेक्षा भरती-ओहोटीचं वेळापत्रक महत्त्वाचं. पूर्ण ओहोटीला पक्षी दूर चिखलात पांगतात. दुर्बिणीतूनही गुलाबी ठिपकेच दिसतात. भरतीच्या दोनेक तास आधी काठावर थांबा, चढतं पाणी थव्यांना जवळ आणतं. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे कालची वेळ आज चालत नाही.

ऐरोलीच्या बाजूने, म्हणजे खाडीच्या पूर्व काठावर, सकाळीच जा. ऊन पाठीशी राहतं, चोचीचे रंग नीट कळतात: गुलाबी चोच, टोक काळं तो मोठा रोहित, जवळजवळ सगळी गडद लाल ती छोट्याची. ८×४२ (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) दुर्बीण पुरते. थव्यातल्या माना एकदम ताठ झाल्या तर पक्षी सावध झालेत, तिथेच थांबा, पुढे सरकू नका.