थडग्यावरची तारीख वाचण्याआधी

बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजाचा इतिहास अभ्यासाला घेतला की पहिले काही महिने अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावरच जातात. फुटलेलं जहाज, वाचलेली सात जोडपी, शनिवारी घाणा बंद ठेवणारे शनवार तेली. माझेही गेले. ही आठवण समाजाने पिढ्यान्‌पिढ्या जपलीय, तिचा मान ठेवा. पण तिला साल चिकटवू नका. साल हवं तर सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी मुंबईत बांधलेल्या सिनेगॉगपासून (ज्यूंच्या प्रार्थनास्थळापासून) सुरुवात करा: 1796.

मी अडकलो तो थडग्यांच्या शिळांवर. कोकणातल्या एका कब्रस्तानात एका बाईची शिळा होती. वर हिब्रू, खाली मराठी. हिब्रूत महिना किस्लेव आणि वर्षाची तीन अक्षरं: ताव, रेश, सामेख. म्हणजे 400, 200 आणि 60. हिब्रू वर्षातले हजारांचे 5000 बहुतेक वेळा कोरत नाहीत. इंग्रजी सालासाठी 660 मध्ये 1240 मिळवले, 1900 आले. खाली मराठीत 1899. मी प्रबंधात ठोकून दिलं, ‘पाथरवटाची चूक’.

चूक माझी होती. हिब्रू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात, तिश्री महिन्यात सुरू होतं. किस्लेव येतो नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास, म्हणून तिथे 1239 च मिळवायचे. आपण शकात एरवी 78 आणि माघ-फाल्गुनात 79 मिळवतो, तसंच हे. तेवेत महिना तर दोन इंग्रजी सालांवर पसरू शकतो, तिथे दिवस पाहिल्याशिवाय साल लिहूच नका. शिवाय दिवस सूर्यास्ताला बदलतो: रविवारी रात्री गेलेल्या माणसाची हिब्रू तारीख सोमवारची. आणि अधिक मासासारखा दुसरा अदार महिना 19 वर्षांत 7 वेळा येतो.

ज्या कुटुंबाने आईची तारीख नीट कोरून घेतली, त्यांना मी खोटं पाडलं होतं. ते वाक्य तपासणीत कापलं गेलं, तरी अजून आठवतं.

मोबाइलवर तारीख बदलून घेण्यावर विसंबू नका. अक्षर चुकीचं वाचलंत तर उत्तरही चुकीचंच. मार्गदर्शक स्वतः लिपी वाचणारा शोधा, नाव मोठं नसलं तरी चालेल. घाबरू मात्र नका. अक्षरं 22 च आहेत, दोन आठवड्यांत डोळ्यांत बसतात. कब्रस्तानात सकाळी लवकर जा. तिरप्या उन्हात झिजलेली अक्षरं उठून येतात. रेशचे 200 की दालेतचे 4, ते तेव्हाच कळतं.