चष्मा घालवायचाय? आधी कॉर्नियाचा हिशोब मांडा

लग्नसराई जवळ आली की आमच्या ओपीडीत एकच वाक्य ऐकू येतं, "ताई, पुढच्या महिन्यात साखरपुडा आहे, चष्मा घालवायचाय." मी ऑप्टोमेट्रिस्ट. लेझर सर्जन चालवतात, पण त्याआधीच्या तपासण्या माझ्याकडे. चौदा वर्षं हेच करतेय. पेशंटचा पहिला प्रश्नही ठरलेला, "माझा कॉर्निया पुरेसा जाड आहे ना?"

जाडी हवीच, पण नुसत्या जाडीवर जाऊ नका. विरलेली गोधडी जाड असते आणि घट्ट विणीचं धोतर पातळ. ओढून बघा, आधी काय फाटतं. कॉर्निया, म्हणजे बुबुळापुढची पारदर्शक काच, मधोमध साधारण ५४० मायक्रॉन जाड असते, अर्ध्या मिलिमीटरहून जेमतेम जास्त. तिचा बहुतेक भाग कोलॅजनच्या थरांचा. पुढच्या थरांतले धागे एकमेकांत गुंतलेले, म्हणून बळकट. मागचे त्यामानाने सैल. लॅसिकमध्ये, म्हणजे कॉर्नियाचा वरचा पापुद्रा (फ्लॅप) उचलून खालचा भाग लेझरने कोरायच्या ऑपरेशनमध्ये, कापले जातात ते नेमके पुढचे. फ्लॅप परत जागेवर बसतो, पण डोळ्यातल्या दाबाचा भार पूर्वीसारखा उचलत नाही. उरलेला भाग कमजोर निघाला तर कॉर्निया हळूहळू पुढे फुगतो. त्याला एक्टेशिया म्हणतात. लॅसिकनंतर असं होतं हे १९९८ मध्ये नेत्रतज्ज्ञ थिओ झायलर यांनी दाखवून दिलं.

तर तपासणीला येण्याआधीच एक काम करा. कॉन्टॅक्ट लेन्स काढा. सॉफ्ट असतील तर एक-दोन आठवडे आधी, सेमीसॉफ्ट असतील तर तीन-चार आठवडे तरी. लेन्सच्या दाबाने कॉर्नियाचा आकार तात्पुरता बदलतो आणि मशीनने काढलेला कॉर्नियाच्या आकाराचा रंगीत नकाशा खोटा येतो. "कालच काढल्या" म्हणणाऱ्यांना मी परत पाठवते. रागावतात, पण पाठवते.

मग खरं बोला. डोळे चोळता का? हा प्रश्न मी सुरुवातीच्या वर्षांत कागदावर टिक करण्यापुरता विचारायचे. एकदा एका मुलाने "नाही" म्हटलं, मी टिक केली. नंतर सहज बाहेर पाहिलं तर पोरगा बाकावर बसून दोन्ही मुठींची हाडं डोळ्यांत रुतवून गोल गोल फिरवत होता, आणि शेजारी आई म्हणत होती, "लहानपणापासूनच खाज आहे त्याला, उसाच्या धुळीची." त्याला आत बोलावून नकाशे पुन्हा नीट पाहिले. एका डोळ्यात खालच्या बाजूला किंचित उंचवटा होता. केरॅटोकोनसची सुरुवात, म्हणजे कॉर्निया पातळ होत शंकूसारखा पुढे येण्याच्या आजाराची. तेव्हापासून मी हा प्रश्न आईला विचारते, पेशंटला नाही. घरात कुणाला केरॅटोकोनस आहे का, नंबर वर्षभरात अर्ध्याहून जास्त सरकलाय का, हेही त्याच दमात.

नकाशा हातात आला की लाल रंग बघून घाबरू नका, आधी स्केल बघा. स्केल बदललं की साधा डोळाही लालभडक दिसतो. मी चार गोष्टी बघते: वरचा अर्धा आणि खालचा अर्धा सारखे आहेत का, डावा-उजवा जुळतात का, सर्वांत पातळ जागा मधून किती खाली सरकलीय, आणि मागच्या पृष्ठभागाला फुगवटा आहे का. शेवटची सगळ्यात महत्त्वाची. पुष्कळदा बिघाड आधी मागून दिसतो.

यापुढे ताकदीची तपासणी. कॉर्व्हिस नावाच्या मशीनमध्ये हवेचा झोत डोळ्यावर येतो, फुस्स! कॉर्निया आत दबून परत येतो आणि कॅमेरा सेकंदाला चार हजारांहून जास्त चित्रं टिपतो. किती खोल दबला, किती वेगाने सावरला, त्यावरून सीबीआय नावाचा आकडा निघतो, ० ते १; जितका जास्त, तितकी कमजोरीची शंका जास्त. तो ०.५ च्या वर गेला की आमच्याकडे फाइल बाजूला निघते. पण डोळ्यातला दाब जास्त असेल तर कॉर्निया उगाच ताठ भासतो, म्हणून दाबाचा आकडा सोबत बघायचा. आणि झोताला दचकून पेशंटने पापणी मिटली की रीडिंग बाद. मी "आता वारा येणार हं" म्हणून सांगते, तरी निम्मे उडतात.

आता हिशोब. मागे एक मुलगी आली होती, जाडी ४९८, नंबर उणे ७. कापला जाणारा भाग ढोबळमानाने असा काढायचा: लेझरच्या क्षेत्राच्या व्यासाचा वर्ग गुणिले नंबर, भागिले ३. व्यास ६.५ मिलिमीटर धरला तर ९९ मायक्रॉन. फ्लॅप ११०. दोन्ही मिळून २०९. खाली उरले २८९. किमान २५० हवेत, म्हणून वडील खूश झाले, "बसतंय की!" मी कॅल्क्युलेटर पुढे सरकवला. २०९ भागिले ४९८, म्हणजे ४२ टक्के. नकाशा निर्दोष असला तरी हा आकडा ४० टक्क्यांना पोचला की लॅसिकनंतर एक्टेशियाचा धोका वाढतो. शिवाय प्रत्यक्ष मशीन या सूत्रापेक्षा थोडं जास्तच कापतं.

फ्लॅप नसलेलं पीआरके, छोट्या छेदातून होणारं स्माइल, हे पर्याय आहेत. पण स्माइलनंतरही एक्टेशिया झाल्याच्या नोंदी आहेत, तेव्हा "फ्लॅप नाही म्हणजे धोका नाही" असं कुणी म्हणालं तर मान डोलावू नका. त्या मुलीच्या डोळ्यात पुढच्या कप्प्याची, म्हणजे कॉर्नियामागच्या मोकळ्या जागेची, खोली चांगली होती, म्हणून सर्जननी आयसीएल सुचवली. ती आत बसवायची लेन्स, कॉर्निया जवळपास तसाच राहतो. खर्च ऐकून वडील गप्प झाले. साखरपुड्याचे फोटो तिने चष्म्यासकट काढले, आयसीएल नंतर सावकाश झाली.

ऑपरेशन करा किंवा करू नका, नकाशे आणि जाडीचे सगळे कागद मात्र मागून घ्या. लेझर झालेल्या डोळ्यात पुढे मोतीबिंदू आला की लेन्सचा नंबर काढताना जुने आकडे उपयोगी पडतात. प्लास्टिकच्या पिशवीत घालून रेशनकार्डाशेजारी ठेवा. आणि छापील प्रतीचा मोबाइलवर फोटोही काढा, त्या कागदाची शाई पुढे उडू शकते.