खोकताना लघवी सुटते? हा व्यायाम असा करा

शिंक आली, भरलेली बादली उचलली, खळखळून हसू आलं, की चार थेंब सुटतात. बाळंतपणानंतर किंवा पाळी जाण्याच्या वयात हे कितीतरी जणींना होतं आणि ‘बाईच्या जातीला असायचंच’ म्हणून वर्षानुवर्षं घडी लावून निभावलं जातं. नका निभावू. मूत्राशयाला खालून तोलून धरणारे स्नायू सैल पडलेले असतात, आणि स्नायू कमावता येतात. अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ साली हा व्यायाम मांडला, म्हणून त्याला केगेल म्हणतात.

आधी नेमका स्नायू सापडायला हवा. सगळी मेख इथेच आहे. चारचौघांत वारा सरू नये म्हणून आपण जसं आवळून धरतो, तसं आवळा. त्याच वेळी लघवीची वाटही आत, वरच्या बाजूला ओढून घ्या. एक हात पोटावर ठेवा. पोट, मांड्या किंवा कुल्ले ताठ होत असतील, श्वास अडत असेल, तर चुकतंय. बऱ्याच जणी वर ओढण्याऐवजी खाली जोर करतात, त्याने उलट त्रास वाढतो. खात्री वाटत नसेल तर स्वच्छ बोट योनीत घालून पाहा. बोटाभोवती आवळल्यासारखं वाटलं पाहिजे. यात लाजण्यासारखं काही नाही, शरीर आपलंच आहे. लघवी मध्येच थांबवण्याचा सराव मात्र करू नका, मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही.

आता व्यायाम. लघवीला जाऊन या, गुडघे वाकवून उताण्या झोपा. आवळा, पाच अंक मोजा, सोडा, तेवढाच वेळ विसावा. असं आठ वेळा, दिवसातून तीनदा. जमेल तसं दहा अंकांपर्यंत न्या. मग बसून, उभ्याने, भाजी निवडतानाही करा. खोकला येतोय असं वाटताच आधी आवळायची सवय लावा. किमान तीन महिने चिकाटी हवी. आठवड्यात फरक दिसत नाही. गरोदरपणीही करता येतो.

पाणी तोडू नका. घट्ट लघवीने मूत्राशय चिडतं.

जळजळ, ताप, लघवीत रक्त, अंग बाहेर येणं, किंवा प्रसूती वा ऑपरेशननंतर रात्रंदिवस गळती असेल, तर व्यायामावर विसंबू नका, डॉक्टरांकडे जा. तीन महिन्यांनीही फरक नसेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना किंवा फिजिओथेरपिस्टना दाखवा.