दांडिया बाजार ते सयाजीगंज: एका गाडीवर दोघं

बडोद्यात युनिव्हर्सिटीला एकेकट्यानं दुचाकीवर येणाऱ्या विद्यार्थ्यांना एका गाडीवर दोघं असं आणायचं असेल, तर आधी मोजणी करा. युनिव्हर्सिटीच्या ज्या फाटकातून सर्वाधिक गाड्या येतात तिथं दोघांनी सकाळी साडेआठ ते अकरा उभं राहावं. दर पंधरा मिनिटांनी एकट्या स्वाराच्या दुचाक्यांचा आकडा लिहावा. सोमवार आणि परीक्षेचे दिवस टाळा, आकडे फसवे येतात.

मग फॉर्म: राहण्याचा भाग, पहिल्या तासाची वेळ, सुटायची वेळ. एवढंच. लांबलचक फॉर्म कोणी भरत नाही.

खरी गोची परतीची. सकाळी दांडिया बाजार, रावपुऱ्यातून जोड्या सहज जुळतात. पण एकाचं प्रॅक्टिकल लांबलं की दुसरा ताटकळतो आणि आठवड्याभरात पुन्हा स्वतःची गाडी काढतो. म्हणून जोडी नको, एकाच भागातल्या पाच जणांचा गट करा. परतीची वेळ दुपारपर्यंत ग्रुपवर टाकायची.

मागच्यालाही हेल्मेट लागतंच. ते ज्याचं त्यानं आणावं, उसनं कधीच वेळेवर मिळत नाही.

हिशेब पेट्रोलचाच, भाड्याचा नाही: जाऊन-येऊन सहा किलोमीटर, लिटरला पंचेचाळीसचं ॲव्हरेज, म्हणजे साधारण १३० मिली. वाचलेल्या प्रत्येक लिटरमागे सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड कमी. महिन्याभरानं त्याच फाटकावर, त्याच वारी पुन्हा मोजा.