चोर्ला घाटात पहाटे बोटं बधिर होऊ नयेत म्हणून

गोव्यात राहून हात गारठतात म्हटलं, की पुण्या-नाशिकची मंडळी हसतात. पणजीत जानेवारीतही पहाटेचा पारा 20 अंशांच्या आसपास असतो, तेव्हा त्यांचं हसणंही रास्तच. पण आपली दुचाकी साखळी, केरी मागे टाकून अंजुणे धरणाच्या बाजूने चोर्ला घाट चढली आणि कणकुंबी-जांबोटीच्या उघड्या माळाला लागली, की क्लचवरची बोटं आपली वाटेनाशी होतात. त्या भागात ऐन थंडीत पहाटे 13-14 अंश असणं नेहमीचंच, एखाद्या दिवशी त्याहूनही कमी. पारा 10 वर असेल आणि वारा ताशी 60 किलोमीटरचा, तर उघड्या कातडीला तो साधारण 5 अंशांसारखा लागतो. मोले-अनमोड किंवा आंबोलीकडून जाणाऱ्यांचीही हीच गत.

यावर लडाखला न्यायचे जाडजूड हातमोजे विकत घेण्यात अर्थ नाही. आपल्याकडे हात गारठतात ते वाऱ्याने आणि ओलाव्याने. हे दोन आधी अडवा, ऊब त्यानंतर बघा.

सुरुवात हातापासून नाही, छातीपासून करायची. धड गार पडलं की शरीर पोटातली ऊब राखायला बोटांकडे जाणारं रक्त आवळून घेतं. मग हातमोजे कितीही भारी असोत, आत तापवायला काही उरत नाही. पावसाळ्यात वापरलेला रेनकोट कपाटात पडलेला असतोच, त्याचा वरचा भाग पातळ स्वेटरवर चढवा. वारा पूर्ण अडतो आणि खर्च शून्य. मानेभोवती रुमाल किंवा बफ गुंडाळा, कारण गळ्यातून शिरलेला वारा थेट छातीवर उतरतो. रेनकोटच्या बाहीचं इलॅस्टिक मात्र तपासा. ते मनगटावर वळ उमटवत असेल तर बोटांचं रक्त तिथेच अडतं, तेव्हा ते सैल करून घ्या.

मनगट ही दुसरी दुर्लक्षित जागा. तिथे रक्तवाहिन्या कातडीच्या अगदी जवळून जातात, आणि हँडल धरल्यावर बाही मागे सरकून नेमकी तीच दोन बोटांची पट्टी उघडी पडते. त्यामुळे हातमोज्याची मनगटपट्टी लांब हवी. कोरड्या थंडीत ती बाहीवरून घेतली तरी चालतं. धुकं दाट असेल तर ती बाहीच्या आत घाला, नाहीतर बाहीवरून ओघळणारं पाणी सरळ हातमोज्यात जमा होतं.

आता हातमोजे. गोव्यातल्या दुकानांत बहुतेक जाळीचेच मिळतात. एप्रिल-मेच्या घामात ते उत्तम, घाटात पहाटे मात्र कुचकामी. लोकरीच्या विणलेल्या हातमोज्यांचं त्याहून वाईट: वारा आरपार जातो आणि रबरी ग्रिपवर ते घसरतात, म्हणजे ऐन वळणावर रेस हातातून निसटायची. लोकर वापरायचीच तर आतल्या थरासाठी वापरा. बाहेरचा थर वारा न शिरणारा आणि तळव्याला चामडं किंवा पकड देणारं कापड असलेला हवा. माप घेताना आतला पातळ मोजा घालूनच घ्या. मूठ वळल्यावर बोटांची टोकं ताणली जाता कामा नयेत, बोट आणि शिवण यांच्यात 3-4 मिलिमीटर मोकळी जागा राहावी. घट्ट हातमोजा दुहेरी तोटा करतो: ऊब धरून ठेवणारी हवा आत राहत नाही आणि रक्तही दबतं. दुकानात उभ्या गाडीचं हँडल पाच मिनिटं धरून, क्लच दाबून, इंडिकेटरचं बटण अंगठ्याने चालवून बघा. दुकानदार कंटाळला तर कंटाळू द्या.

जाळीचेच हातमोजे असतील आणि उद्याच निघायचं असेल, तर औषधाच्या दुकानातून नायट्राइलचे पातळ हातमोजे घ्या आणि आतून घाला. वारा तिथल्या तिथे थांबतो. तोटा हा, की अर्ध्या-पाऊण तासात आत घाम साचतो आणि थांब्यावर ते काढले की ओला हात वाऱ्यात आधीपेक्षा जास्त गारठतो. म्हणून खिशात तीन-चार जोड ठेवा, हात पुसून कोरडा जोड चढवा.

ओलाव्याचा मुद्दा सत्तरी तालुक्यात सर्वांत जास्त जाणवतो. डिसेंबर-जानेवारीत म्हादईच्या खोऱ्यात पहाटे धुकं साचतं, कारण रात्री गार झालेली जड हवा डोंगरउतारावरून खाली उतरून नदीकाठी बसते. हेल्मेटच्या काचेवर थेंब दिसू लागले म्हणजे हातमोजेही भिजतायत असं समजा. ओलं कापड हातातली ऊब ओढून घेतं. भिजलेले हातमोजे सायलेन्सरवर वाळत टाकू नका, कृत्रिम कापड चटकन वितळतं. घरी आल्यावर आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत टांगा. आपल्या दमट हवेत ते तसेच डिकीत राहिले, तर आठवड्यात बुरशीचा वास मारू लागतात.

उघड्या धातूचं लिव्हर बोटांतली ऊब खेचत राहतं. अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात रबरी लिव्हर कव्हर मिळतं, ते साबणाच्या पाण्याने सरकवून बसवा. तेल लावून बसवलं तर नंतर फिरत राहतं. कव्हर लिव्हरच्या बिजागरीपर्यंत नेऊ नका. बसवल्यावर फ्री प्ले, म्हणजे क्लच लागू होण्याआधीची लिव्हरची मोकळी हालचाल, पाहा: बहुतेक 100-150 सीसी गाड्यांत क्लच लिव्हरच्या टोकाशी 10 ते 20 मिलिमीटर असतो, नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये सापडेल.

वारा हातावर येण्याआधीच अडवणं सगळ्यात फायद्याचं. प्लॅस्टिकचे हँडगार्ड बोटांच्या सांध्यांवरचा थेट झोत तोडतात आणि साध्या हातमोज्यांतही फरक पडतो. हँडलवर बसणारे कापडी मफ त्याहून उबदार, पण आपल्याकडे दुकानात क्वचितच दिसतात, ऑनलाइन मागवावे लागतात. बसवल्यावर गाडी उभी करून एवढं बघाच. रेस सोडली की ती आपोआप मागे येते का? हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवलं तर मफ टाकीला किंवा वायरला अडकतो का? हॉर्न न बघता सापडतो का? हात पटकन आत-बाहेर होतो का? मग मित्राला मागून येऊन ब्रेकलाइट बघायला सांगा. सैल मफ वाऱ्याने फुगून ब्रेक लिव्हर दाबून धरतो, दिवा सतत जळत राहतो आणि मागच्याला तुम्ही खरा ब्रेक कधी मारला ते कळतच नाही.

गरम होणाऱ्या ग्रिप गोव्यातल्या माणसाला वर्षाकाठी मोजून काही पहाटे लागतील. तरी बसवायच्याच असतील तर हिशोब असा: पूर्ण तापमानावर जोडी साधारण 30-40 वॅट, म्हणजे 12 व्होल्टवर 3 अँपिअरच्या आसपास घेते. स्कूटरच्या छोट्या बॅटरीवर हा भार टाकू नका. मोटारसायकलला जोडताना करंट रिले (विजेवर चालणारा स्विच) आणि 5 अँपिअरच्या फ्यूजमधून घ्या, रिलेला चावीनंतरची वायर द्या, म्हणजे चावी काढली की ग्रिप बंद. रेसच्या बाजूच्या वायरला सैल वळसा ठेवा; ती ताणलेली राहिली तर रेस अडकते किंवा काही दिवसांत वायर आतून तुटते. शेवटी इंजिन 2500-3000 आरपीएमवर, हेडलाइट आणि ग्रिप दोन्ही चालू ठेवून बॅटरीवर मीटर लावा. 13.2 व्होल्टच्या वर असेल तर ठीक. 12.8 च्या खाली गेला तर बॅटरी भरत नाही, उपसली जातेय.

एक गोष्ट बरेचदा थंडीच्या नावावर खपते. म्हापसा ते पणजी एवढ्यात, 20-22 अंशांत बोटं बधिर होत असतील तर दोष थंडीचा नसून पकडीचा किंवा गाडीच्या थरथरीचा. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर झालं तर मनगट वाकडं राहून तिथली शीर दबतेय. लिव्हर थोडं खाली फिरवून मनगट सरळ करा. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट असेल तर तळव्याच्या करंगळीकडच्या कडेवर भार पडतोय. क्लच केबलही तपासा. पावसाळा आणि खारी हवा यांनी ती आतून गंजते, क्लच जड होतो आणि डावा हात उगाच थकतो. वरचं टोक सोडवून तेल थेंब थेंब सोडा, खालून बाहेर येईपर्यंत. तरीही अडकत असेल तर केबल बदला.

वाटेत दर वीस-पंचवीस किलोमीटरवर अंगठा करंगळीला टेकवून बघा. नीट टेकत नसेल तर ब्रेकही नीट दाबला जाणार नाही, गाडी बाजूला घ्या. उभं राहून दोन्ही हात खांद्यातून पंधरा-वीस वेळा जोरात गोल फिरवा, रक्त बोटांच्या टोकांपर्यंत उतरतं. मग हात काखेत घ्या किंवा चहाचा ग्लास धरा. फेणीचा घोट या कामाचा नाही: दारूने कातडीखालच्या रक्तवाहिन्या फुलतात, घटकाभर ऊब वाटते आणि अंगातली उष्णता उलट लवकर निघून जाते. पोलिसांचं यंत्र आहे ते वेगळंच. बोटं पांढरी पडून मग निळी-लाल होत असतील आणि हे साध्या गारव्यातही वारंवार घडत असेल, तर डॉक्टरांना दाखवा.

परतीची गाडी दुपारी केरीला उतरते तेव्हा पारा तिशी ओलांडून गेलेला असतो. म्हणून सकाळी निघतानाच डिकीत जाळीचा जोड टाका. तो नसला की लोक उकाड्याने हातमोजे काढून उघड्या हातांनी साखळीपर्यंत येतात, आणि पडलं की माणूस आधी हातच टेकतो.