सण मुलांना घेऊन करताय? बेळगावकरांनो, या चुका टाळा

आपल्या भागात सणांना तोटा नाही. मराठी घरातले सण आहेत, शेजारच्या कन्नड घरातले आहेत, कॅम्पातला, म्हणजे छावणी भागातला नाताळही आहे. तरी बऱ्याच घरांत दर वर्षी एकच तऱ्हा. हौसेनं सामान आणायचं, मुलं अर्ध्या तासात कंटाळायची, मग आई-बाबांनी रात्री जागून काम उरकायचं आणि सकाळी मुलांना शेजारी उभं करून फोटो काढायचा. खापर फुटतं मोबाइलवर. मोबाइलचा दोष आहेच, पण निम्म्या वेळा बेतच चुकलेला असतो. सुट्टी कधी, माती कुठली, पाऊस कितपत, हे न बघता केलेला बेत मुलांच्या काय, मोठ्यांच्याही हातून पार पडत नाही.

पुण्याच्या भावाच्या सुट्टीवर बेत आखू नका

भिंतीवर मराठी दिनदर्शिका, व्हॉट्सअॅपवर शाळेचं परिपत्रक आणि डोक्यात पुण्या-कोल्हापूरच्या भावंडांचं वेळापत्रक. या तिन्हींचा मेळ क्वचितच बसतो. महाराष्ट्रातल्या मुलांना लांब सुट्टी मिळते दिवाळीला. कर्नाटकातल्या शाळांची सहामाही सुट्टी साधारणपणे दसऱ्याला धरून असते आणि दिवाळीला मोजकेच दिवस हाती येतात. नाताळाची सुट्टी देणाऱ्या शाळांचं गणित आणखी वेगळं. म्हणून 'दिवाळीत सगळे जमले की करू' असं ठरवलं की आपली मुलं चाचणीच्या अभ्यासात आणि आतेभाऊ अंगणात, असं होतं. दिवाळीच्या किल्ल्याचं मोठं, वेळखाऊ काम दसऱ्याच्या सुट्टीत उरका आणि पाहुण्यांसाठी सजावट, रंगरंगोटी, मावळे मांडणं एवढंच शिल्लक ठेवा. पाहुण्या मुलांनाही आयत्या किल्ल्याकडे नुसतं बघत बसावं लागत नाही.

तिथींचंही तसंच. बेंदूर म्हणजे बैलांचा सण. निपाणी-चिकोडीकडे कर्नाटकी बेंदूर ज्येष्ठ पौर्णिमेला येतो, कन्नड घरांत तीच कारहुण्णिमे. पलीकडे कागल-कोल्हापूरच्या पाहुण्यांचा महाराष्ट्री बेंदूर आषाढात. मधे ज्येष्ठ अमावास्येला कन्नड घरांत मातीच्या बैलांची पूजा, तिला मण्णेत्तिन अमावास्या म्हणतात. घरात एक आजी मराठी आणि एक अज्जी कन्नड असेल तर 'आपला खरा कुठला' हा वाद घालण्यात अर्थ नाही. मुलांना बैल करायची संधी दोन-तीनदा मिळते आहे, ती घ्या. पहिल्या खेपेला पाय मोडतातच.

बैलाचे पाय का मोडतात

कारण आपण आत काडी घालतो. माती वाळताना आकसते, काडी आकसत नाही, मग काडीभोवती चीर जाते आणि उचलायला गेलं की पाय हातात. काडी नकोच. पाय आखूड आणि जाड करा, पोट पायांवर टेकलं तरी चालेल. जोडाच्या दोन्ही बाजूंवर खराट्याच्या काडीनं रेघा ओढा, मातीचाच पातळ राडा लावा आणि मग दाबून बसवा. नुसतं पाणी लावून चिकटवलेलं शिंग दुसऱ्या दिवशी गळून पडतं. जून महिन्यात आपल्याकडे हवा दमट, त्यामुळे वाळायला वेळ लागणारच. घाईनं चुलीजवळ किंवा अचानक पडलेल्या उन्हात ठेवलं की तडकलं. सावलीत, वर ओलसर फडकं टाकून ठेवा. पूजा कच्च्या मातीच्या बैलाचीच असते, तो दगडासारखा व्हायची गरज नाही.

माती मात्र कुंभाराकडूनच आणावी. खानापूर भागात कुंभारकाम जुनं आहे, तिथे ग्रामीण कुंभारकामाची केंद्रीय प्रशिक्षण संस्थाही आहे. मळलेल्या मातीचा गोळा मागा आणि मुलांना चाकावरचं काम दाखवून आणा. परसातली माती उकरून आणली तर खडे निघतात, मुलांची बोटं दुखतात आणि चिडचिड सुरू होते. घरी गणपती करणाऱ्यांनीही हेच ध्यानात ठेवावं. मूर्ती चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात करायला घेतली तर ती आतून ओलीच राहते आणि ओल्यावर दिलेला रंग सोलून निघतो. निदान पंधरा दिवस हातात असू द्या.

किल्ला

यावर जरा सविस्तर लिहितो, कारण बेळगावात किल्ल्याचा नाद मोठा आहे आणि चुकाही इथेच जास्त.

पहिली तक्रार भेगांची. सांजेला गुळगुळीत लिंपलेला बुरूज सकाळी उकललेला. याला बहुतेक वेळा काळी माती कारणीभूत असते. बैलहोंगल, सौंदत्ती, गोकाक, अथणीकडची काळी माती पाण्यानं फुगते आणि वाळताना आकसते, मग तिला भेगा जाणारच. खानापूरकडची तांबडी माती त्या मानानं शहाणी. काळीच मिळत असेल तर दोन घमेल्यांना एक घमेलं वाळू आणि बारीक कापलेलं पिंजर (पेंढा) किंवा भाताचा कोंडा मिसळा. दुसरं कारण म्हणजे सगळा डोंगर मातीचाच रचणं. बाहेरचा पापुद्रा वाळतो, पोट ओलंच राहतं, मग तडा. आत विटा, दगड, फुटक्या कुंड्या रचा, त्यावर राड्यात बुडवलेली जुनी पोती पांघरा आणि वरून बोटभर मातीचा थर द्या. तो आवळला की दुसरा थर. माती कमी लागते, पोत्याला ती धरून बसते आणि उताराला डोंगरासारख्या सुरकुत्या आपोआप पडतात. तरीही भेग पडलीच तर तीत कोरडी माती कोंबू नका. आधी भेग भिजवा, मग पातळ राडा भरा.

दुसरी तक्रार पावसाची. आपल्याकडे परतीचा पाऊस दसऱ्यानंतरही सोडत नाही. दुपारी कडक ऊन आणि पाचच्या सुमाराला आभाळ भरून येतं. 'पाऊस येऊलालाय' अशी आरोळी आली की ताडपत्रीसाठी धावाधाव. बांबूचे चार खुंट आधीच रोवून ठेवा म्हणजे ताडपत्री किल्ल्यावर न टेकता वर ताणता येते. अंगावर टाकलेली ताडपत्री बुरुजांचे कंगोरे घेऊनच उठते. आणि किल्ला अंगणाच्या सखल कोपऱ्यात बांधू नका. जागा मोकळी दिसते म्हणून तोच कोपरा निवडला जातो आणि पागोळ्यांचं पाणी नेमकं तिथेच साठतं.

हिरवळ उगवत नाही, ही तिसरी. मोहरी उतारावर फेकली की घरंगळून पायथ्याशी गोळा होते, मग पायथ्याला दाट झुडूप आणि वर टक्कल. उतारासाठी अळीव घ्या. पाण्यात भिजले की ते बुळबुळीत होतात आणि लावाल तिथे चिकटून बसतात. मोहरी सपाट माचीवर टाका. नरकचतुर्दशीच्या पाच-सहा दिवस आधी पेरा. दसऱ्यालाच पेरलं तर दिवाळीपर्यंत पिवळं पडून आडवं होतं. पाणी तांब्यानं ओतू नका, शिंपडा. हे काम सर्वांत लहान पोराकडे द्यावं, तो दिवसातून दहा वेळा बघून येतो.

खरी चूक मात्र मातीची नाही. बाबांना रायगड करायचा असतो. मोबाइलवर नकाशा काढून बाबा टकमक टोक घडवत बसतात आणि पोरं घमेली वाहतात. मग पोरं पळणार नाहीत तर काय. रायगड वाईट नाही, पण ज्यानं तो पाहिलेलाच नाही त्याला दरवाजा कुठे आणि का, हे कसं सुचावं? आपल्याला येळ्ळूरचा राजहंसगड हाकेच्या अंतरावर आहे. हुक्केरी तालुक्यात वल्लभगड, सीमेपलीकडे चंदगडात महिपाळगड आणि कलानिधीगड. दसऱ्याच्या सुट्टीतली एक सकाळ काढा. मुलांच्या हातात वही द्या, तटावरून पावलं मोजायला लावा, दरवाजा कुठून दिसत नाही ते खाली उभं राहून शोधायला सांगा. घरी आल्यावर वहीतला आकडा प्रमाण, बाबांचं मत नाही. बुरूज वाकडा आला तर वाकडाच राहू दे. बेळगावचा भुईकोट करायचा असेल तर खंदकात आधी प्लास्टिक अंथरा, नाहीतर भरलेलं पाणी रात्रीतून तटाचा पाया खाऊन टाकतं.

पंचमीचा झोका, संक्रांतीचा पाक

नागपंचमीला झोका हवाच. तो शेवग्याला बांधू नका. फांदी कितीही जाड दिसली तरी शेवग्याचं लाकूड ठिसूळ. चिंच उत्तम. दोर नायलॉनचा नको, तो ताणतो, भिजला की गाठ सरकते आणि मुलांच्या तळव्यांची साल काढतो. जाड सुती किंवा काथ्याचा दोर घ्या, फांदीवर जुनं पोतं गुंडाळून मग बांधा आणि आधी घरातल्या सर्वांत वजनदार काकांना बसवा. काकांना बसवणं हाच पोरांसाठी निम्मा सण असतो.

संक्रांतीला मुलांना तिळगूळ वळायला बसवणं ऐकायला छान वाटतं, पण लाडू वळायचा असतो पाक गरम असताना. थंड होईपर्यंत थांबलात तर वळत नाही आणि गरम असताना पोरांचे हात भाजतात. लाडू दगडासारखे होत असतील तर पाक पुढे गेलाय. वाटीभर पाण्यात थेंब टाकून बघा, त्याची मऊ गोळी झाली की पातेलं उतरवा. हे मोठ्यांचं काम. मुलांसाठी म्हैसूर-बेंगळूरकडचं एळ्ळू-बेल्ल उचला. त्यात भाजलेले तीळ, शेंगदाणे, डाळं आणि खोबऱ्या-गुळाचे बारीक तुकडे मिसळतात. तीळ-शेंगदाणे तुम्ही भाजून द्या, पुढचं सगळं विस्तवाशिवाय. तुकडे लहानमोठे झाले तरी बिघडत नाही, पुड्या बांधून गल्लीत वाटायलाही सोपं. आजी नाक मुरडेल. तिच्यासाठी लाडू आहेतच.

सोन्याच्या नावाखाली ओरबाडणं

दसऱ्याच्या आदल्या दिवशी बाजारात ढीग लागतात आणि त्यातलं बरंचसं सोनं आपट्याचं नसतंच, कांचनाच्या फांद्या असतात. आपट्याचं पान लहान, जाडसर आणि लांबीपेक्षा रुंद. कांचनाचं मोठं आणि पातळ. कन्नड घरांत बन्नी देतात, ती शमी. तिची पानं अगदी बारीक, पिसासारखी. मुलांना तिन्ही पानं हातात देऊन ओळखायला लावा, दहा मिनिटांत शिकतात. माणशी एक पान पुरतं. जिथे मराठी तिथे 'सोनं घ्या, सोन्यासारखं राहा' आणि शेजारच्या अण्णांकडे 'बन्नी तगोंडु बंगारदांग इरोण'. दोन्ही वाक्यं पोरांना पाठ असू द्यात. अण्णा खूश होतात आणि हातावर कुंदा ठेवतात.

रात्रीच्या गर्दीत लहानग्यांना नेणं

बेळगावची शिवजयंती वैशाखातल्या तिथीची आणि चित्ररथांची मिरवणूक रात्रभर चालणारी. लहान मुलांना ऐन गर्दीत खांद्यावर घेऊन उभं राहिलात तर एखादा रथ बघून ती झोपतात आणि झोपलेलं पोर सांभाळत परतणं हाच तुमचा सण. त्याऐवजी दुपारनंतर गल्लीत चक्कर मारा. रथ सजतात, मावळ्यांना मिशा काढतात, पगड्या बसवतात, ते सगळं जवळून दिसतं. दिवाळीच्या पाडव्याला गवळी लोक म्हशी सजवून पळवतात तेव्हाही सजावट बघायला आधी जा. रंगवलेली शिंगं, मोरपिसं, कवड्यांचे पट्टे. म्हशी पळताना मात्र रस्त्यावर न उतरता कुणाच्या तरी गच्चीवर. फटाके लावून म्हशी बुजवणाऱ्या पोरांना तिथल्या तिथे झापावं, सणासुदीला ओरडायचं कशाला वगैरे मनात आणू नये.

ओल्ड मॅन

एकतीस डिसेंबरला कॅम्पात आणि आता शहरभर म्हाताऱ्याचा पुतळा जाळतात. विकतही मिळतो, पण घरी करण्यात मजा आहे आणि धोकाही आहे. जुने कपडे म्हणून पॉलिस्टरच्या पँटी भरतात, त्या वितळून जळते थेंब गळतात. आत टायर, थर्माकोल, प्लास्टिकच्या पिशव्या कोंबतात, मग धुरानं गल्ली खोकते. काही महाभाग पोटात फटाके भरतात, ते तर बिलकूल नको. सुती सदरा, धोतराचं फडकं, आत पिंजर आणि रद्दी. तोंडाला मडकं नको, तापलं की फुटून खापऱ्या उडतात. कागदाच्या लगद्याचा मुखवटा करा. चेहरा कुणाचा करायचा यावर घरात मतदान घ्या, फक्त शेजाऱ्यांचा करू नका. जागा मोकळी हवी, वर विजेच्या तारा नकोत आणि पाण्याच्या दोन बादल्या पेटवायच्या आधी भरलेल्या असाव्यात. पेटवायचं मोठ्यांनी. सकाळची राख मात्र ज्यांनी पुतळा केला त्यांनीच झाडायची, हे आदल्या दिवशीच ठरवून घ्या, कारण एक तारखेला कुणी अंथरुणातून उठत नाही.