नमुना गोठ्यातच बिघडतो: जनावर आजारी पडल्यावर या चुका टाळा

गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. देवगडकडचा एक मच्छीमार थर्माकोलचा खोका घेऊन आमच्या गुरांच्या दवाखान्यात आला. घरी पाच शेळ्या, त्यातली एक गाभडली होती. ‘‘डाक्टरांनू, बरफात घातलंय, कुजूचा नाय,’’ म्हणत त्याने झाकण उघडलं. वितळलेल्या बर्फाच्या लालसर पाण्यात मेलेलं करडू आणि वार तरंगत होती आणि खोक्याच्या कडांना बांगड्याचे खवले चिकटलेले होते.

नमुना आणायचं त्याला सुचलं, हेच आधी मोठं. बाकीचे वार पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, सोडून देतात किंवा कुत्र्यांपुढे टाकतात. काही ठिकाणी ती झाडाला टांगायची पद्धत आहे आणि मग कावळे तिचं वाटप करतात. पण त्या खोक्यातून प्रयोगशाळेत जे जंतू वाढले असते, त्यात शेळीचे किती आणि बांगड्याचे किती हे कोणी सांगितलं असतं? शिवाय हे सगळं त्याने उघड्या हातांनी उचललं होतं आणि त्या हातांवर जाळ्याच्या दोरीचे ताजे काप होते. जनावर गाभडवणाऱ्या आणि माणसालाही ताप आणणाऱ्या ब्रुसेला या जंतूला आत शिरायला तेवढी वाट पुरते.

गाभडलेल्या जनावराची वार उचलताना हातमोजे हवेत. ते नसतील तर दोन्ही हातांवर जाड प्लास्टिकच्या पिशव्या चढवा. घरात गरोदर बाई असेल तर तिला गोठ्यात जाऊच देऊ नका. नमुना घट्ट झाकणाच्या स्वच्छ डबीत, डबी एका पिशवीत, ती पिशवी दुसरीत, आणि बर्फ या सगळ्याच्या बाहेर. असं केलंत तर जेटीवरचा मासळीचा बर्फही चालतो. डबीवर नाव पेन्सिलीने लिहा. पेनची शाई घाट चढेपर्यंत धुऊन जाते आणि पुण्याला, औंधच्या रोग अन्वेषण प्रयोगशाळेत, पोचते ती निनावी डबी. उरलेली वार खोल पुरा, वर चुना टाका.

रक्ताच्या बाबतीत उलटी चूक होते. थंड ठेवायचं म्हटल्यावर माणसं बाटली सरळ फ्रीजरमध्ये कोंबतात. रक्ताचा बर्फ झाला की तांबड्या पेशी फुटतात, सिरम (रक्तावर सुटणारं पिवळसर पाणी) कोकमाच्या आगळासारखं लालभडक होतं आणि चाचणीच्या कामातून जातं. बाटली तिरकी ठेवून तास-दोन तास तशीच राहू द्यायची, गुठळी बसली की वरचं पिवळसर पाणी वेगळं काढायचं. थंड करायचं ते त्या पाण्याला. आपल्याकडच्या रस्त्यांवरून ताजं रक्त स्कूटरच्या डिकीत घालून नेलंत तर धक्क्यांनीच पेशी फुटतात आणि फ्रीजर परवडला असं वाटेल.

आणि फॉर्मलीन, नमुना टिकवायचं रसायन. एकाने फऱ्या या गुरांच्या आजाराच्या संशयाचा मांसाचा तुकडा फॉर्मलीनमध्ये बुडवून दिला आणि जंतू कोणते ते तपासून मागितलं. फॉर्मलीनमध्ये जंतू मरतात. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहायच्या असतील तर ते ठीक, जंतू वाढवून बघायचे असतील तर तुकडा बर्फातच हवा.

पण निदानाचं सगळ्यात जास्त नुकसान करते ती आधी टोचलेली सुई. गाय तापली, की मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून कोणीतरी टोचतं. दोन दिवसांनी उतार नाही म्हणून आम्हाला बोलावतात. आम्ही नमुना घेतो आणि अहवाल येतो: ‘जंतूंची वाढ आढळली नाही.’ मालक म्हणतो, बघा, आजार नव्हताच. आजार होता हो, औषधाने जंतू प्रयोगशाळेत न उगवण्याइतके दबले होते. त्यामुळे आधी नमुना, मग सुई. आणि सुई दिली असेल तर लपवू नका. कुठलं औषध, किती वाजता, एवढं चिठ्ठीवर लिहिलंत तरी अहवाल वाचणाऱ्याचा अर्धा घोळ मिटतो.

दगडी (कासेचा दाह) झालेल्या सडाचं दूध तपासायला द्यायचं असेल तर थोडी शिस्त लागते. सड धुवून कोरडे करायचे. मग स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचे, आधी पलीकडचे, मग अलीकडचे. नमुना मात्र आधी अलीकडच्या सडातून घ्यायचा, म्हणजे पुसलेल्या सडाला बाही घासत नाही. पहिल्या तीन-चार धारा सोडून द्या. बाटली तिरकी धरा, नाहीतर वरून केस आणि शेणाची भुकटी पडते. टोपण जमिनीवर ठेवू नका. हे सांगितल्यावर लोक हसतात, पण अहवालात तीन-चार जातींचे जंतू आले की ते बहुधा कासेतले नसतात, हातावरचे आणि गोठ्यातले असतात.

याच दुधावरून घरात दुसरी तक्रार निघते. विरजण लावलं, पण दही लागलं नाही. सून म्हणते विरजण जुनं, सासू म्हणते हवा पावसाळी. माझा पहिला प्रश्न असतो, गाईला इंजेक्शन किंवा सडात ट्यूब कधी दिली? अँटिबायोटिकचा अंश दुधात उतरला की विरजणातले जीवाणू वाढतच नाहीत. उकळून हा अंश जाईल या भरवशावर राहू नका. औषधाच्या वेष्टनावर किती दिवस दूध वापरायचं नाही ते छापलेलं असतं. तेवढे दिवस चारही सडांचं दूध टाकायचं. ट्यूब एकाच सडात दिली म्हणून बाकी तिघांचं डेअरीला घालू नका, औषध रक्तातून तिकडेही पोचतं.

उकळण्यावर आपला फार भरवसा, आणि बहुतेक वेळा तो रास्तही आहे. ब्रुसेला, साल्मोनेला, क्षयाचे जंतू उकळीत मरतात. पण दगडीच्या दुधात बऱ्याचदा स्टॅफिलोकॉकस ऑरियस असतो. दूध सकाळपासून दमट स्वयंपाकघरात तसंच राहिलं तर तो वाढतो आणि विष सोडतो. संध्याकाळी उकळल्यावर जंतू मरतो, विष मरत नाही. खाल्ल्यावर काही तासांत उलट्या सुरू होतात आणि खापर फुटतं पेढ्यावर.

पावसात दुसरा गोंधळ तांबड्या लघवीचा. गाईची लघवी लाल झाली की गावात एकच नाव घेतात, गोचिडाचा आजार. गोचिडातून पसरणारा बबेसिया असू शकतोच, संकरित गाईंना जास्त. पण लेप्टोमध्येही (लेप्टोस्पायरोसिस, लघवीतून पसरणारा जंतूंचा आजार) लघवी लाल होते, वासरांत विशेष. आणि म्हैस व्यायल्यानंतर थोड्या आठवड्यांत झालं असेल तर फॉस्फरसची कमतरताही असते. तिन्हींचं औषध वेगळं. म्हणून सुईच्या आधी कानाच्या टोकाचं थेंबभर रक्त काचेवर पसरून घ्यायचं. ती काच उघडी ठेवू नका, माश्या वाळलेलं रक्त चाटूनपुसून खातात. माझ्या पहिल्या वर्षात एक अख्खी काच अशीच माश्यांनी स्वच्छ करून ठेवली होती.

लेप्टोची शंका असेल तर लघवीचे शिंतोडे डोळ्यांत, जखमेवर उडू देऊ नका. आणि चिखलणीच्या दिवसांत तुम्हालाच ताप भरला, पोटऱ्या दुखायला लागल्या, तर माणसांच्या डॉक्टरला आधी सांगा की घरी गुरं आहेत आणि अनवाणी शेतात होतो. हे कोणी सांगत नाही. ताप म्हणजे मलेरिया किंवा डेंग्यू असं धरून दोन-तीन दिवस जातात. दोडामार्ग बाजूला हीच गोष्ट माकडतापाला, गोचिडांतून माणसाला होणाऱ्या तापाला, लागू. 2016 साली तो तिथे आला. जंगलात चरून येणाऱ्या गुरांच्या अंगावर गोचीड असतात, गुरं स्वतः आजारी दिसत नाहीत. मेलेलं माकड दिसलं तर हात लावू नका, आरोग्य केंद्रात कळवा.

दोन चुका मात्र जिवावर बेततात. गाय लाळ गाळतेय, गिळत नाही, घोगरं हंबरते. घशात काहीतरी अडकलं म्हणून माणूस कोपरापर्यंत हात घालतो. कुत्रा चावून गेलेला कोणाला आठवत नाही, कारण तो चावला तो रात्री वाड्यात, काही आठवड्यांपूर्वी. हा रेबीज असू शकतो, अशा जनावराच्या तोंडात हात घालायचाच नाही. घातला असेल तर पंधरा मिनिटं साबण-पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी लस घ्यायला जा.

दुसरी चूक शवविच्छेदनाच्या हौसेची. धडधाकट बैल अचानक मेला, नाका-गुदातून काळं, न गोठणारं रक्त आलं, की तो फाडू नका, कातडं काढू नका. काळपुळीचे (अँथ्रॅक्सचे) जंतू हवा लागली की बीजरूप धरतात आणि जमिनीत कित्येक वर्षं टिकतात. त्या माळावर उद्या तुमचीच गुरं चरणार आहेत. अंगाला हात न लावता गुरांच्या डॉक्टरांसाठीच्या 1962 या क्रमांकावर फोन करा. नमुना काय आणि कसा घ्यायचा ते डॉक्टर ठरवतील.

खोकेवाल्याकडे परत येतो. करडू वाया गेलंच होतं, म्हणून त्याच्या घरी जाऊन पाचही शेळ्यांचं रक्त घेतलं. तो कुरकुरला. ‘‘आजारी एकच आसा, बाकीच्यांका कशाक टोचतास?’’ माल्टात 1905 साली थेमिस्टोक्लीस झॅमिट या डॉक्टरने हेच केलं होतं. तिथल्या ब्रिटिश सैनिकांना सतावणाऱ्या तापाचा जंतू, म्हणजे हाच ब्रुसेला, डेव्हिड ब्रूसने 1887 मध्ये शोधला होता, पण तो येतो कुठून ते कळत नव्हतं. झॅमिटने धष्टपुष्ट दिसणाऱ्या शेळ्यांचं रक्त तपासलं आणि जंतू तिथे सापडला. पुढच्या वर्षी सैन्याला शेळीचं दूध बंद केलं आणि ताप ओसरला.

आमच्या पाचांत गाभडलेली तर ब्रुसेलाने बाधित निघालीच, शिवाय सगळ्यात जास्त दूध देणारी काळीही निघाली. तिचं दूध शेजारच्या पोराला डेंग्यूत कच्चंच पाजायला नेत होते. आता ते बंद झालं आहे आणि काळी वेगळी बांधली आहे. तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासायचं ठरलं. या वेळी बाटल्या त्याने स्वतः पोचवल्या. दोन पिशव्यांत बांधलेल्या, बाहेर बर्फ, आणि चिकटपट्टीवर पेन्सिलीने लिहिलेलं: काळी, दुसरं वेत, सुई नाय.